पाने झिजवणारे सर

आमच्या घरी फवारणीचा पंप एकच होता आणि तो गळका होता. आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, एवढीशी, म्हणून बाबा दुसऱ्यांच्या बांध्यांत मजुरीने फवारायला जायचे. धानावर तुडतुडे आले की सगळ्या गावाला एकदमच फवारणी हवी असायची आणि बाबांचा पंप नेमका तेव्हाच जास्त गळायचा. दुरुस्तीला तुमसरला न्यायचा तर दिवस जायचा, दिवस गेला की मजुरी जायची. मग बाबा पाठीला पोत्याचा तुकडा बांधून तोच पंप लावायचे. संध्याकाळी माय त्यांच्या पाठीला खोबरेल चोळायची तेव्हा तिच्या बोटांना कातडी चिकटून यायची. औषधाची किंमत आमच्या घरी अशी कातडीत मोजली जायची, आणि त्यात कोणाला काही वेगळं वाटायचं नाही.

मी नववीत गेले त्या वर्षी करडी गावाच्या बाजूच्या आमच्या शाळेत व्यवसाय शिक्षणाचा वर्ग सुरू झाला आणि पाना सर आले. कंत्राटी शिक्षक. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लहान पाना, म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं. नवी वस्तू त्यांना बघवत नसे. कोणी नवी टॉर्च आणली की आधी ती उघडणार, आत काय आहे ते बघणार आणि मगच पेटवणार. वर्गात आल्यावर त्यांनी हजेरी घेतली नाही. विचारलं, "कोणाच्या घरी गळका पंप हाये?" गळका पंप आहे म्हणणं ही गरिबी सांगण्यासारखीच गोष्ट. सर म्हणाले, "लाजू नका बे. ज्याच्या घरी चांगला पंप हाये, त्याचा इथं काही उपयोग नाही." मी हात वर केला.

या वर्गासाठी शाळेला सामान आलं होतं. पाने, ड्रिल, पकडी, मीटर, सगळं थर्माकोलात बसवलेलं. ते ऑफिसातल्या लोखंडी कपाटात होतं आणि कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो. पाना सर रोज सामान मागायचे आणि मोठे सर रोज तेच सांगायचे, "तपासणी होऊन जाऊ द्या. पोरं खराब करतील, मग उत्तर कोण देणार?" तोवर फळ्यावर चित्र काढून शिकवा. सरांनी दोन-तीन दिवस चित्रं काढली, मग खडू टाकून दिला. "फळ्यावरच्या पान्यानं फळ्यावरचाच नट निघते," म्हणाले, आणि घरून स्वतःची पिशवी आणू लागले. एका पिशवीत वर्गभर पोरं भागवायची म्हणजे एकाच्या हातात पाना आणि बाकीच्यांच्या नुसत्या माना उंच.

शेवटी मोठे सर मीटिंगला भंडाऱ्याला गेले असताना सरांनी शिपाईकाकांकडून दुसऱ्या किल्लीने कपाट उघडून घेतलं. मोठे सर परत आले तेव्हा सामान आमच्या हातात होतं आणि हात काळे झाले होते. ते दारातच थांबले. सर म्हणाले, "या ना सर, चहा सांगू का?" त्या दिवसापासून दोघांचं बोलणं कामापुरतं राहिलं.

मुलींना शिलाईला बसवा, असा निरोप पालकांकडून आला होता. सरांनी तो ऐकून घेतला आणि आम्हाला मळणी यंत्राच्या बेअरिंगला लावलं. एका मुलीच्या आजोबांनी शाळेत येऊन विचारलं, "पोरीच्या जातीले हे काहून शिकवता?" सर म्हणाले, "आजोबा, नटाले समजत नाही ना कोण फिरवून रायलं ते. समजलं असतं तं मी नटालेच विचारलो असतो." आजोबा हसले, पण नातीला घेऊनच गेले. सर दिवसभर चिडलेले होते. चिडले की ते आम्हालाच बोलायचे. त्या दिवशी माझा वायसर उलटा बसला तर म्हणाले, "तू बी जा मंग, शिलाई कर." मी रडले नाही. वायसर काढला आणि सरळ बसवला.

त्यांचा खरा भर दुरुस्तीवर नव्हता, दाम मागण्यावर होता. आमच्याकडे गावात सगळेच नात्यात. रक्ताने नसले तर गावनात्याने. शाळा समितीतले बंडूमामा असेच गावनात्याचे मामा. त्यांचा पंप मी दुरुस्त केला आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे दाम सांगितला. मामा मोठ्याने हसले, "मामाले पैसे मागते का वो?" आणि पंप पाठीला लावून निघून गेले. घरी मायनेच मला झापलं, म्हणाली नाक कापलंस. दुसऱ्या दिवशी कळलं, वर्गातल्या सर्वांची हीच गत. कोणाला काकडी मिळाली होती, कोणाला आशीर्वाद. सर म्हणाले, "ओळखीच्या माणसाले देलं तं तो उपकार होते. अनोळखी माणसानं दाम देला तं धंदा. चला, जिथं तुमचं कोणी नाही तिथं जाऊ."

म्हणून आम्ही लांबच्या गावच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून बसलो. समोर पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'फवारणी पंप दुरुस्ती'. पहिलं गिऱ्हाईक एक म्हातारेबुवा. मला बघून म्हणाले, "पोट्टी काय करते बापा! गुरुजी, तुमीच करून द्या." सर म्हणाले, "मले नाही येत," आणि खरंच उठून चहा प्यायला गेले. मी नोझल उघडलं, वायसर बदलला, पंप परत दिला. बुवांनी दांडा मारून बघितला तर फवारा थेट भाजीवालीच्या वांग्यांवर. तिने बुवांच्या सात पिढ्या काढल्या. बुवा खूश. दाम देताना त्यांनी विचारलं, "कोनाची होय वो तू?" मी बाबांचं नाव सांगितलं. ते त्यांना ओळखत नव्हते. माझ्या बापाला न ओळखणाऱ्या माणसाने माझ्या कामाचे पैसे दिले, याचा मला जो अभिमान वाटला तो पुढे पदवी घेतानाही वाटला नाही.

त्यानंतर गावातल्यांनाही दाम सांगायची आम्हाला सवय झाली. काही जण द्यायचे, काही जण तोंड वाकडं करून द्यायचे. घरचा पंप तर मी पहिल्याच महिन्यात ठीक केला होता. बाबांची पाठ त्या हंगामात कोरडी राहिली.

मग तपासणी आली. साहेबांनी आमचं काम बघितलं नाही. आम्ही मोटार उघडून मांडून ठेवली होती, तिच्याजवळून ते तसेच ऑफिसात गेले आणि सामान मागवलं. पान्यांचं पॉलिश गेलं होतं, ड्रिलचा एक बिट तुटला होता, एका पकडीची मूठ वितळली होती. साहेब म्हणाले, "हे तर सगळं वापरलेलं आहे." मोठे सर खाली बघत होते. तिथेच बसलेले बंडूमामा म्हणाले, "साहेब, पोट्टे शिकाले पाठवले होते आम्ही. हे मास्तर त्यायले बाजारात बसवून गावाच्या लोकायकडून पैसे मागाले लावते." आम्ही खिडकीत उभे होतो. पाना सर शांतपणे म्हणाले, "साहेब, पाने झिजले म्हणून पोट्टे कामाचे झाले. पाने नवे रायले असते तं मले लाज वाटली असती." साहेबांनी शेरा लिहिला. साहित्याची हानी आणि विद्यार्थ्यांकडून कमाई. पुढच्या वर्षीचं कंत्राट झालं नाही.

गावातला एकही माणूस बोलला नाही. ज्यांचे पंप चालत होते तेही नाही. एकटे बाबा धुतलेला शर्ट घालून शाळेत गेले आणि मोठ्या सरांना म्हणाले, "त्या सरायले ठेवा ना जी." मोठे सर म्हणाले, निर्णय वरचा आहे, तुम्ही काम सोडून कशाला आलात. घरी येऊन बाबा मायला म्हणाले, "पाणी देलं, गोड बोलला. पण 'बस' नाही म्हणला."

निरोप समारंभ मात्र रीतसर झाला. मोठ्या सरांनीच शाल घातली आणि 'मनमिळाऊ, विद्यार्थीप्रिय' असं भाषण केलं. सरांनी नारळ तिथेच फोडून आम्हाला वाटला. बस येईपर्यंत आम्ही रस्त्यावर उभे होतो. मी विचारलं, "सर, तुमी काहून भांडले नाही?" म्हणाले, "कोणाशी भांडू बाई? शाल घालणाऱ्याशी?" आणि बसमध्ये चढले.

नवे शिक्षक आले, नवं सामान आलं, कपाटाला नवं कुलूप लागलं. मी बारावी केली, तुमसरला कॉलेज केलं. सकाळी वर्ग आणि दुपारी एका दुकानात पंपाच्या मोटारींची दुरुस्ती. यंदा शाळेने मला बोलावलं. बॅनरवर माझा फोटो आणि खाली 'व्यवसाय शिक्षण वर्गाची यशोगाथा'. मी सरांना फोन केला. ते कुठे तरी गडचिरोलीकडे सोलर पंप बसवत होते, अजून कंत्राटावरच. म्हणाले, "जाय. माह्यं नाव नको घेऊ, उगाच त्यायचा कार्यक्रम खराब होईन."

मी घेतलं. पूर्ण नाव घेतलं, त्यांना का काढलं तेही सांगितलं, साहेबांचा शेरा सांगितला आणि बंडूमामांचं बोलणंही. वाटलं होतं कोणी उठेल, माईक काढून घेईल. कोणी उठलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निवृत्त झालेले मोठे सर पहिल्या रांगेत होते, त्यांनीही. बंडूमामा तर शेजारच्याला सांगत होते, "आपलीच भाची होय." त्या टाळ्यांचा राग अजून गेलेला नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. तुमसरला माझं स्वतःच्या नावावर पंप-मोटार दुरुस्तीचं दुकान आहे, आणि माझ्याकडे शिकलेल्या दोन मुली तिथे पगारावर काम करतात. शाळेच्या त्या वर्गातून सरांनंतर कोणी काही शिकून बाहेर पडलेलं नाही.