कोनाड्यातले केस

नातीचे केस गळून राह्यले होते. भांग रुंद झालता. ती कॉलेजात डोक्यावर ओढणी घेऊन जाय. म्हणून आमी निर्मल गावच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं तिचंच रक्त काढलं, मशिनीत फिरवलं अन् वरचं पिवळं पाणी सुईनं तिच्या डोक्यात टोचलं. मले एका जागी बसवेना.

"आजी, बस ना वं! सुया मले अन् येरझारा तुह्या!"

"तीन महिने वाट पाहा," डॉक्टर म्हणे.

मंग केसावर भांडे देणारी बाई आली. दरसाली मी विंचरलेले केस कोनाड्यात जमवाची अन् तिच्याकडून वाटी घ्याची. यंदाचा गुंता पाहून ती हासली, "आज तं वाटी नाही, पातेल्यावानी मोठा गंज भेटन, आजी!"

मी गुंता पदराखाली घेतला. "नातीच्या गळलेल्या केसावर मले गंज नोको."

तवापासून रोज सकाळी नातीची फणी मीच आधी पाह्यतो, केस कमी आले का म्हणून.