एकतीस नंबरच्या प्लॉटमधली वाट

लेआऊटवर माझी सही तेवढी बाकी होती. ढोकीच्या रस्त्याला पाच एकर रान, त्यावर चाळीस प्लॉट. नऊ मीटरचे रस्ते, विजेचे खांब, पाण्याची लाईन, गटारं, सगळं ड्रॉइंगवर जिथल्या तिथं. नगररचनेच्या ऑफिसात माझं काम छाननीचं, म्हणजे असा नकाशा नियमांच्या तक्त्याशी ताडून खुणा करत जायचं. माझ्या खुणा झाल्या होत्या. पण जागा न बघता सही करायची नाही, ही माझी जुनी खोड.

गेलो, तर एकतीस नंबरच्या प्लॉटच्या दगडांमधून एक म्हातारी म्हैस घेऊन चाललेली. सोजरबाई तिचं नाव. मागं तिचं दोन एकर रान, आणि जायला हाच बांध. ड्रॉइंगवर तिथं प्लॉटची भिंत होती.

बिल्डरच्या इंजिनिअरनं गावनकाशा पुढं केला. पूर्वेला पाणंद दाखवलेली, म्हणजे रानात जायचा सरकारी रस्ता. बघायला गेलो तर तिथं हरभरा उभा. सोजरबाईनं सांगितलं, काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाड्या रुतायच्या, म्हणून मागच्या पिढीतल्या रानमालकानं पाणंद नांगरून घेतली आणि बदल्यात हा बांध वहिवाटीला दिला. सगळं तोंडी. आमच्याकडं असे व्यवहार शब्दावर होतात, कागद कुणी करत नाही. शब्द देणारा वारला आणि पोरांनी रान विकलं.

"भित घातल्यावर म्हस काय उडवत न्यावी व्हय, साहेब?" सोजरबाई म्हणाली. मग माझ्याकडं नीट बघून तिनं विचारलं, "तुमचं रान कुठं हाय?"

"माकणीकडं. धरणात गेलं."

"आन् वाट?"

"हाय की. पाण्यापतोर जाती."

तिनं म्हैस पुढं घातली आणि बांधावरून रानाकडं उतरून गेली. उन्हाळ्यात धरण उतरलं की आमची वाट थोडी उघडी पडते. मी दरवर्षी जाऊन तिच्यावर उभा राहतो. आईच्या मागं चालताना तिच्या डोक्यावरच्या पाटीतून ठेच्याचा वास यायचा. मोबदला मिळाला, घर झालं, नोकरी लागली, तक्रार काहीच नाही. पण त्या वाटेनं एकदा रानापर्यंत जावं असं अजून फार वाटतं.

ऑफिसात आमच्या साहेबांनी विचारलं, "नकाशात रस्ता असताना तुम्ही दुसरा कुठून काढता? बाईकडं पुरावा आहे का?" नव्हता. साहेबांचं चुकत नव्हतं.

ड्रॉइंग पुन्हा उघडून बसलो. डोळ्यांपुढून ती म्हैस हलेना. ती बांधावरून खाली उतरत गेली होती. खाली! आणि पावसाचं गटार मात्र वर, मोठ्या रस्त्याकडं काढलेलं. दुसऱ्या दिवशी लेव्हल घ्यायला लावली, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजला. मागची बाजू चांगली सव्वा मीटर खोल निघाली. पाणी जाणार ते एकतीस नंबरमधून, सोजरबाईच्या बांधाशेजारून, रानामागच्या ओढ्याकडं. त्या गटारावर घर बांधता येत नाही, वर रस्ताच ठेवावा लागतो. मी तसा शेरा मारला.

"साहेब, अख्खा प्लॉट गेला की," इंजिनिअर कळवळला.

"मग पाण्याला सांगा चढ चढायला."

सुधारित ड्रॉइंगवर एकतिसाच्या जागी हद्दीपर्यंत रस्ता आला. साहेबांनी मुकाट्यानं मंजूर केलं. मी सोजरबाईला सांगायला गेलो.

"कागदावर माजं नाव लिवलं का?"

"न्हाय मावशी. पाण्याचं लिवलं."

"ऱ्हाऊ द्या. म्हस जाती न्हवं?" म्हणत ती रानाकडं निघाली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो. मला तिचा हेवा वाटला, हे कबूल करतो.

छाननीच्या तक्त्यात तोंडी वहिवाटीला रकाना नाही, उताराला आहे. नव्यानं लागलेल्यांना मी एवढंच सांगतो, माणसाची वाट वाचवायची असेल तर आधी पाण्याची शोधा.