आक्काची गोफण

बेंदराच्या बाजारात गोफणी वळतात त्या वाखाच्या दोरांचा वास आला आणि मला आमचं शाळूचं रान आठवलं. थोरली आक्का आणि मी रानातल्या लाकडी माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकत होतो. आई भाकरी घेऊन बांधावरून येत होती. तिच्या मागं लाळ गाळणारं पिसाळलेलं कुत्रं होतं, आणि तिला पत्ताच नव्हता.

"आक्का, मारू नगंस! आईला लागंल की!" मी ओरडले.

आक्कानं अंड्यासारखा गोटा निवडला, गोफण फिरवली आणि दोरी सोडताना मनगटाला पीळ दिला. गोटा गरगरत आईच्या खांद्याजवळून सरळ गेला. कुत्रं केकाटत उसात पळालं.

"गरगरला की दगूड भरकटत न्हाय," आक्का एवढंच म्हणाली.

जेवताना तिची बोटं इतकी थरथरत होती, की आईनंच तिला भाकरी मोडून दिली. गोफण फिरवून हात दमले असतील, असं मला तेव्हा वाटलं होतं.