राहिलेले नऊ हंडे

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते. बारा हंडे पाणी ओतायला सांगितलं होतं तिथे मी तीन ओतले आणि वरून माती लोटली. सहा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी अगदी तरुण होते, जेमतेम साठीची. आणि त्या वयात बाईला वाटतं की आता आपल्याला शिकवणारं कोणी उरलं नाही.

कापूस वेचून झाला की आमच्या औंढ्याकडच्या गावांत उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पराटी, उपटून बांधावर पेटवून देतात. त्या वर्षी पौषात एक शेतीचं शिकवणारी पोरगी गावात आली. पारावर आम्हा बायांना बसवून सांगू लागली की पराटी उघडी जाळू नका, खड्ड्यात रचा, वरून पेटवा, राख व्हायच्या आत पाणी ओतून विझवा. तो कोळसा बारीक करून शेणाच्या काल्यात भिजवायचा नि हळदीच्या वावरात मिसळायचा. त्याला ती बायोचार म्हणायची. "आजी, युरिया टाकला की जमिनीतून डोळ्याला न दिसणारा वायू वर जातो, त्यानं हवा तापते. कोळसा मिसळला की तो कमी निघतो."

मी म्हटलं, "माय, आमच्या म्हाताऱ्याला वायू झाला की मी ओवा देते. आता वावराला कोळसा देऊ व्हय?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सगळ्यांत जास्त हसली माझी धाकटी जाऊ. दीर गेल्यापासून तिचं हसणं कमीच झालं होतं, म्हणून मला फारच हुशार झाल्यासारखं वाटलं. ती पोरगीही हसली. मग म्हणाली, "पण आजी, पाणी बारा हंडे. कमी करू नका. आतला विस्तव दिसत नाही."

मला विस्तव शिकवते! चाळीस वर्षं मी चुलीतला निखारा राखेखाली झाकून सकाळी फुंकून जागा केलेला. राखेखाली विस्तव मरत नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी खड्डा पेटवला त्या दिवशी तिसऱ्या हंड्याला कंबर धरली, आणि मी फावड्याने माती ओढली. धूर थांबला. झालं, मेला विस्तव.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कोळसा उकरून तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत भरला. हात लावला तर डबे कोमट. ठेवायचे कुठे? तर जावेच्या गोठ्यात. तिच्या चार शेळ्या होत्या, त्यातल्या दोन नुकत्याच व्यालेल्या, आणि करडं थंडीनं थरथरून राहिली होती. त्या शेळ्यांवरच तिची लेक हिंगोलीला नर्सिंग शिकत होती. करडं मोठी झाली की विकायची आणि पोरीचं पुढचं वर्ष निघायचं, एवढा साधा हिशेब. मला वाटलं, लेकरांना तेवढीच ऊब. डबे कोपऱ्यात कडब्याआड सरकवले. जाऊ देवळात गेली होती, तिला सांगायचं राहून गेलं. ती आली, आणि थंडी आत शिरू नये म्हणून रोजच्यासारखा तिनं दाराला ताडपत्रीचा पडदा चारी बाजूंनी घट्ट बांधला.

सकाळी तिची हाक ऐकून धावले. शेळ्या आडव्या पडल्या होत्या. अंगावर ओरखडा नाही, तोंडाला फेस नाही. करडं आईच्या पोटाला लागून तशीच, झोपल्यासारखी. गोठ्यात जळाल्याचा वास म्हणावा तर तोही नाही. मी कडब्यामागे वाकले. डबे अजून गरम होते, काल संध्याकाळपेक्षा जास्त.

जनावरांचा डॉक्टर यायच्या आत ते दोन्ही डबे मी माझ्या परसात नेऊन ठेवले. हे मी केलं. त्यासाठी कंबर दुखली नाही.

डॉक्टरनं विचारलं, "बाई, आत शेगडी, कोळसा काही ठेवलं होतं का? कोंडलेल्या जागेत त्याचा वायू जीव घेतो. दिसत नाही, कळत नाही."

"न्हाई बा," जाऊ म्हणाली. "मी काहून ठेवीन?" आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आक्का, तुमीच सांगा."

मी म्हटलं, "न्हाई."

मग तिनं खालच्या वावरात मेंढरं घेऊन उतरलेल्या बिऱ्हाडावर संशय घेतला. आदल्याच आठवड्यात चाऱ्यावरून तिचं त्यांच्याशी वाजलं होतं. दोन दिवस ती बांधावर उभी राहून त्यांना शिव्या देत होती आणि मी तिच्या शेजारी उभी होते. तिसऱ्या दिवशी ते लोक मेंढरं हाकून पुसेगावच्या बाजूला निघून गेले.

चैत्रात जावेची लेक हिंगोलीहून पेटी घेऊन घरी आली, ती परत गेली नाही.

कोळसा मी वाया घालवला नाही. काल्यात भिजवला, लागवडीआधी वावरात मिसळला. श्रावणात हळद कमरेएवढी झाली. आम्ही दोघी जावा निंदत होतो, दोन सऱ्या सोडून पलीकडे तिची लेक निंदत होती. जावेनं एक पान हातात घेतलं.

"आक्का, काय काळीभोर पानं हायेत. काय टाकलं हो यंदा?"

इतके महिने गिळलं होतं, ते त्या पानापाशी गिळवेना. मी खुरपं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. तीनच हंडे, वरची माती, डबे, कडब्याआड ठेवले ते, परसात नेले ते, मेंढरंवाले, सगळं. ती मला मारील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पुन्हा वाकली आणि निंदू लागली. सरीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत माझ्यापर्यंत आली. लेकीकडे एकदा बघितलं. तिच्यापर्यंत जाऊ नये इतक्या हळू आवाजात तिनं विचारलं:

"आक्का, आजून किती हंडे टाकायचे होते?"