वानखडे मॅडम आणि बंद संडास

शाळेची तपासणी करायला आलेला अधिकारी आधी कुठे जातो? मुख्याध्यापकांच्या खोलीत. तिथे टिळा लावतात, हार घालतात, काजूची बशी पुढे येते आणि मग त्याला सावकाश शाळा दिसायला लागते. आमच्या वानखडे मॅडम गाडीतून उतरल्या की हार घेऊन उभ्या असलेल्या मुलींनाच विचारायच्या, "बेटा, तुम्हारा टॉयलेट किधर है?" शिक्षकांचा नव्हे, मुलांचा. आणि नुसत्या बघून येत नसत, वापरून येत. बाहेर आल्या की तोंडातून एकच शब्द निघे, "शी!" ती 'शी' किती लांबली यावरून शाळेचं काय होणार हे आम्हाला कळायचं. ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना 'छी मैडम' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना जरासुद्धा राग नव्हता.

देशभर शाळा असलेल्या एका शिक्षणसंस्थेच्या जयपूरच्या विभागीय कार्यालयात त्या नियोजन अधिकारी होत्या आणि मी त्यांची साहाय्यक. त्या अमरावतीकडच्या, मी साताऱ्याची. नवऱ्याची बँकेतली बदली मला जयपूरच्या मानसरोवर वस्तीत घेऊन आली होती. ऑफिसात आम्ही दोघीच मराठी. त्यामुळे त्यांचा सगळा संताप आधी माझ्या कानावर पडायचा आणि मग, जरा सौम्य होऊन, हिंदीत साहेबांपर्यंत जायचा. एकदा मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला प्रत्येक गोष्टीची किळस कशी येते हो?" त्या म्हणाल्या, "माणसाले किळस यायची बंद झाली ना, की समजायचं, आता हा मोठा साहेब होणार." आमच्याकडच्या मोठ्या साहेबांकडे पाहिलं की ते पटायचं.

त्यांच्या किळसेत पहिला मान प्रशिक्षणांचा होता. आमच्याकडे शाळासमूहांचे प्रमुख आणि लेखाधिकारी यांच्यासाठी वरचेवर प्रशिक्षणं व्हायची. मुलांसाठी कधी वेळ नसलेली ही माणसं शहराबाहेर कानोत्याच्या धरणाजवळच्या रिसॉर्टवर मात्र वेळेच्या आधी हजर! दारात साफे बांधायचे, ढोल वाजायचा. मग कुणीतरी गुळगुळीत प्रशिक्षक येऊन पन्नाशीच्या माणसांना फुगे फुगवायला लावायचा. वर्तमानपत्राचा मनोरा कोण उंच करतो, त्यावरून नेतृत्व ठरायचं. मध्येच टाळ्या, मध्येच कचोऱ्या, शेवटी फोटो. एका प्रशिक्षकाने शेवटी प्रत्येकाला विचारलं, "आज यहाँ से क्या लेकर जा रहे हैं?" कुणी 'विजन' म्हणालं, कुणी 'पैशन'. मॅडमची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "बैग." सगळ्यांनाच बॅग मिळाली होती, पण हसायची हिंमत कुणाला झाली नाही. मला तर त्या साफ्यांचा आणि त्या टाळ्यांचा आजही उमाळा येतो, ओकारीचा.

त्याच सुमाराला चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, आमच्या मुलींच्या शाळेत त्या तपासणीला गेल्या. जवाहिऱ्यांच्या गल्लीमागची जुनी शाळा. संडासाच्या दारावर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी आणि कडीला हे एवढं कुलूप. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मैडम, सफाईवाला नहीं है. लड़कियाँ गंदा कर देती हैं, इसलिए बंद रखते हैं." सफाई कामगाराच्या मंजुरीची फाईल आमच्याच ऑफिसात झोपली होती. मॅडमनी एका वर्गात मुलींना विचारलं, मग तुम्ही करता काय? मुली एकमेकींकडे बघून लाजल्या. एक धीट मुलगी म्हणाली, "मैडम, हम पानी ही नहीं पीते." जयपूरच्या उन्हाळ्यात, शाळा सुटेपर्यंत! एकीने त्यापायी दुखणं काढून शाळाच सोडली होती, आणखी दोघींच्या आया नाव काढायच्या विचारात होत्या. परतताना मॅडम गाडीत 'शी' म्हणाल्या नाहीत. त्याची मला भीती वाटली.

फाईल हलवण्यासाठी त्या संचालकसाहेबांकडे खेटे घालत राहिल्या. साहेब म्हणायचे, "देखते हैं, मैडम, अगली तिमाही में." आणि तेवढ्यात, देवाची करणी म्हणावी तसं, कानोत्याच्या प्रशिक्षणाचा ठरलेला प्रशिक्षक आजारी पडला. शेवटचा दिवस तुम्हीच घ्या, असं साहेबांनी मॅडमना सांगितलं. विषय होता नेतृत्व आणि आर्थिक नियोजन. मॅडम चक्क हो म्हणाल्या. मी चकित होऊन पाहत राहिले.

त्या दिवशी सकाळीच सगळ्यांच्या खोल्या रिकाम्या करून घेतल्या होत्या. सभागृह रिसॉर्टच्या पार टोकाला. मॅडमनी स्वतः दारात उभं राहून प्रत्येकाला ताक दिलं. मग सरबत दिलं, मग पुन्हा ताक. "गर्मी है, लीजिए ना!" एवढ्या प्रेमळ मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या. मला मात्र बाजूला घेऊन त्यांनी बजावलं, "स्वागतकक्षाजवळची एक खोली उघडी ठेवली हाय. कुणाले शुगर असन, काही त्रास असन, त्याले गुपचूप तिकडं धाडजो. बाकी कुणालेच नाही." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सभागृहाच्या संडासांना कुलूप होतं आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.

त्या बोलत राहिल्या, शांतपणे, चारदीवारीतल्या शाळेबद्दल. तासाभराने खुर्च्या करकरायला लागल्या. एकेक जण फोन आल्याचं सोंग करून बाहेर जायचा आणि तसाच परत यायचा. एका लेखाधिकाऱ्याने पायावर पाय टाकले ते सोडलेच नाहीत. समारोपाला संचालकसाहेब आले. त्यांनीही दारात दोन पेले ताक घेतलं. भाषणाच्या मध्यावरच त्यांचा चेहरा बदलला आणि ते भाषण अर्धवट टाकून तरातरा बाहेर गेले. परत आले ते लालबुंद होऊन.

"मैडम, ताला क्यों है?"

"सर, सफाईवाला नहीं है."

"तो चाबी दीजिए!"

"सर, फाइल चल रही है. अगली तिमाही में देखते हैं."

साहेब असे ओरडले की रिसॉर्टचा एक माणूस हातोडा घेऊन धावत आला. दोन घावांत कुलूप खाली पडलं. साहेब आत, त्यांच्या मागे साफे बांधलेले समूहप्रमुख, त्यांच्या मागे लेखाधिकारी, नुसती झुंबड. कालपर्यंत नेतृत्वावर टाळ्या वाजवणारी माणसं एकमेकांना कोपराने ढकलत होती. मला हसू यायला हवं होतं, पण किळसच आली. मॅडम ते कुलूप हातात घेऊन म्हणाल्या, "पाह्य, फुटते. मले वाटे, याले मंजुरी लागते."

आणि त्या तिथे थांबल्या नाहीत. त्याच माणसाला हातोड्यासकट गाडीत बसवलं, मला बसवलं आणि थेट चारदीवारीत. मुख्याध्यापिकाबाई आडव्या आल्या, "मैडम, ऊपर से परमिशन..." मॅडमनी हातोडेवाल्याला खूण केली. कुलूप फुटलं, दार उघडलं आणि आतून असा भपकारा आला की मी भिंत धरली. कधीकाळी घाईघाईत बंद केलेलं सगळं आत तसंच कुजत होतं, वर माश्या. मॅडमनी नाकाला पदर लावला नाही. मुख्याध्यापिकाबाईंचा हात धरून त्यांना दारातच उभं केलं आणि म्हणाल्या, "लंबी साँस लीजिए. लड़कियों ने नहीं, ये आपने और मैंने गंदा किया है." मग साडी खोचली आणि बादली मागवली. त्या संध्याकाळी माझी चप्पल मी घराबाहेरच टाकली.

व्हायचं ते झालं. खुलाशाची नोटीस आली, पाठोपाठ ईशान्येकडे बदली. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. मॅडमनी बदली न घेता राजीनामा दिला आणि त्या अमरावतीला गेल्या. निरोपसमारंभ कुणी केला नाही. स्टेशनवर मी एकटीच. खिडकीतून त्या म्हणाल्या, "रडू नको बाप्पा, नाक पुसायले रुमालही नसन तुझ्याजवळ." खरंच नव्हता. पण पाय आवळून बसलेल्या त्या लेखाधिकाऱ्याने सफाई कामगाराची मंजुरी साहेबांना न विचारता दिली होती.

परवा पुन्हा कानोत्याला प्रशिक्षण होतं. नवा प्रशिक्षक, नवे साफे. दुपारी पडद्यावर अक्षरं उमटली, 'संवेदना अभ्यास'. प्रशिक्षक म्हणाला, "आँखें बंद कीजिए और इमैजिन कीजिए, आपको वॉशरूम जाना है और दरवाज़ा बंद है." सगळ्यांनी डोळे मिटले. मंद संगीत लागलं. "कैसा फील हुआ?" कुणीतरी म्हणालं, "पावरफुल!" टाळ्या. समोर पाण्याच्या बाटल्या, बाजूला स्वच्छ संडास, दार सताड उघडं. मॅडमचं नाव तर कुठेच नव्हतं. मी प्रशिक्षणात मिळालेली बॅग तिथेच टाकली आणि ऑटो करून चारदीवारीत गेले.

शाळेत शिपाईबाई माठ भरत होती. मला पाहताच तिने तक्रार सुरू केली, "मैडमजी, ये छोरियाँ पानी बहुत पीने लगी हैं. बारह बजे मटका खाली! मैं कितनी बार भरूँ?"

मी तिथूनच अमरावतीला फोन लावला आणि शिपाईबाई काय म्हणाली ते सांगितलं.

"शी! हे सांगायले फोन केला तू?" मॅडम खेकसल्या. मी फोन ठेवणार तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"किती वाजता सरते म्हणालीस?"

"बारा वाजता, मॅडम."

"बाराले सरते," त्या हळूच म्हणाल्या. "मंग दोन माठ लागतीन."