मेजरबाईंची रायची भाकरी

घोडीच्या आंबोणात जे धान्य जाणार, त्याची भाकरी मेजरबाई आधी स्वतः खायच्या. चवीपुरता तुकडा नव्हे, अख्खी भाकरी, ताकाबरोबर, आठवडा आठवडा. फौजेत लंगरातलं जेवण जवानांच्या ताटात पडण्याआधी अधिकाऱ्याने चाखायचं असतं, आणि मिलिटरी नर्सिंगमधून निवृत्त झाल्यावरही बाईंनी ती रीत सोडली नव्हती. "जे माझ्या घशाखाली उतरत नाही ते बिजलीला घालणार नाही," असं त्या सांगायच्या. ऐकणाऱ्याला भारी वाटायचं. मला मात्र त्या बाईचा पहिल्या दिवसापासून राग यायचा.

मी जनावरांची डॉक्टर. नवरा सेक्टर ३२च्या इस्पितळात डॉक्टर म्हणून लागला, म्हणून मीही चंडीगडला आले आणि दवाखाना टाकला. मेजरबाई मूळच्या साताऱ्याकडच्या, एकट्या. सेक्टरात घोडी कोण ठेवू देणार, म्हणून मुल्लांपूरच्या पलीकडे जमिनीचा तुकडा घेऊन राहिलेल्या. पहिल्याच भेटीत मी आपुलकीने 'मावशी' म्हटलं तर म्हणाल्या, "मी कुणाची मावशी नाही. मेजर म्हण." चहा दिला तोही उभ्याउभ्या.

आमच्या भांडणाचं मूळ राय. राय म्हणजे फोडणीतली मोहरी नव्हे. गव्हाच्या नात्यातलं, थंड मुलखातलं, बारीक करड्या दाण्याचं धान्य. बाईंच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदाराने हिमाचलात वर कुठेतरी ते हौसेने लावलं होतं आणि तो पोती पाठवायचा. बाईंनी ते दारच्या सगळ्या जिवांना सुरू केलं. कोंबडीच्या पिल्लांना घातलं तर त्यांची शीट चिकट होऊन ढुंगणाला गोळे लटकायला लागले आणि वाढ खुंटली. मी सांगितलं, "पिल्लांना राय पचत नाही. मोठ्या जनावराला चालते, तीही दुसऱ्या धान्यात थोडीशीच मिसळून." बाई म्हणाल्या, "मला पचते." आता कोंबडी आणि मेजर यांत फरक असतो, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? पुढे पिल्लांची राय बंद झाली, पण डॉक्टर म्हणाली म्हणून नव्हे. कोंबड्यांत दम नाही म्हणून.

दम हा त्यांचा लाडका शब्द. कुत्रा लंगडला की तो नाटकं करतोय. एकदा त्यांच्या स्वतःच्या पायात खिळा घुसला, तो त्यांनीच उपटला, पट्टी बांधली आणि कामाला लागल्या. मला कळलं ते पागेतल्या फरशीवरच्या रक्तावरून. "दुखतंय दुखतंय म्हणणाऱ्यांच्या वॉर्डात माझं आयुष्य गेलं," म्हणायच्या, "मला तो आवाज घरात नको." बिजलीच्या मानेवर हात ठेवला की मात्र ह्याच बाईंचा आवाज लोण्यासारखा व्हायचा. ते पाहून माझं डोकं अधिकच फिरायचं. घोडीच्या वाट्याला येतं त्यातलं चिमूटभर माणसांच्या वाट्याला आलं तर काय बिघडतं?

आणि बिजली गाभण राहिली. तिचं वय झालं होतं. हेच पहिलं आणि हेच शेवटचं शिंगरू, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी पागेत नवीन पेंढा अंथरला, वाऱ्याच्या बाजूला तरट लावलं आणि स्वतःची बाज तिथेच टाकली. मी म्हटलं, "निदान आता राय बंद करा. तिच्या कणसात काळी बुरशी धरते. आमच्या नगरकडे बाजरीवर अरगट पडतो, तसलीच. गाभण जनावराला फार वाईट."

"मी चाखते ना."

"चाखून कळत नाही हो ते."

"तुला कळत नसेल."

पोतं दाखवा म्हटलं तर गिरणीतून भरडून आणलेलं पिंप पुढे केलं. भरडीत काय दिसणार, कपाळ? त्या दिवशी मी फी न घेता निघून आले, इतकी चिडले होते.

ऐन थंडीत, धुक्यात बिजली व्यायली. दिवस केव्हाच उलटून गेले होते. शिंगरू निघालं ते पाय ओढत, आणि कास हाताला रिकामी लागली. ना चीक, ना दूध. मी गाईचा चीक मागवून बाटलीने पाजायला घेतला. बाई शिंगराचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दुसरी बाटली मी उघडायला त्यांच्या हातात दिली, तर झाकण त्यांच्याने उघडेना. बोटं पांढरीफटक, बर्फासारखी गार.

"हे कधीपासून?"

"थंडी आहे. मुंग्या येतात."

मी कोठीत धावले. त्याच खेपेचं एक पोतं अजून भरडायचं राहिलं होतं. ते फाडलं तर आत दाण्यादाण्यांत काळ्या लांबट लेंड्यांसारखे दाणे. तोच अरगट, जो गाभणीचं दूध आटवतो आणि बोटांचं रक्त तोडतो. बाई तीच राय कितीतरी दिवस खात होत्या, बोटं बधिर होत होती, कोटाची बटणं लावता येत नव्हती, आणि ब्र काढला नव्हता. पोट ठीक आहे ना, मग धान्य पास.

संध्याकाळी शिंगरू गेलं. मी आयुष्यात कुणावर ओरडले नसेन तशी त्यांच्यावर ओरडले. "एकदा बोलला असता तर मला त्याच दिवशी कळलं असतं. हे वाचलं असतं. का नाही बोललात?"

बाई शिंगराचे कान पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू भांडायला येतेस. भांडायला येणाऱ्यापुढे दुखतंय म्हणून सांगत नाहीत."

ह्याचाही मला राग आला. मी त्यांना ओढत नवऱ्याकडे नेलं. बोटं बरीचशी सुधारली. राय कायमची बंद झाली. पुढे बाईंनी जमीन विकली, बिजलीला पिंजोरच्या एका घोडेवाल्या सरदारजींकडे दिलं आणि साताऱ्याला निघून गेल्या. स्टेशनवर मी गेले होते. "फोन करत जा," मी म्हटलं. "काय सांगायला?" त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या भाच्याचा फोन आला. आत्या गेल्या, तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं, म्हणाला. मग म्हणाला, "छातीत बरेच दिवस दुखत असणार. डॉक्टरांनीच नंतर तसं सांगितलं. आम्ही एकाच घरात होतो, पण बोलल्या नाहीत."

मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून त्यांना आमच्या नगरी बोलीतली एक सणसणीत शिवी घातली. रडू मागाहून आलं. राग अजून गेलेला नाही.