चार बोटं जास्तीचं कापड

माझा मामा शिंपी आहे आणि त्याला एक खोड आहे. पुढे उसवून कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. बाकीचे शिंपी एक बोट माया सोडतात. मामा चार सोडतो. एखादं काडीपैलवान गिऱ्हाईक पँट शिवायला आलं, की हा पाठीवर थाप मारून सांगणार, "काळजी करू नका, भराल!" पँट शिवणीला जाड होते, गिऱ्हाईक कुरकुरतं. त्याच्यासमोर बसून काज-बटणं करता करता माझी चाळिशी उलटली. त्यातली निम्मी वर्षं मी कापड फुकट चाललंय म्हणून कटकट करण्यात घालवली. पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या वर्षी मामीच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मामी खाण्याची भारी शौकीन, हसली तर खुर्ची हलायची. दोन महिन्यांत तिची पार रया गेली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की अंगावर थोडं तरी मांस चढल्याशिवाय पुढचे उपचार सुरू करता येणार नाहीत. आणि मामी दोन घास खाऊन ताट सरकवायची.

"हा मी घातलेला नाही, यानंच मला घातलंय," असं म्हणत एक दिवस तिनं आपला निळा झगा मामापुढे टाकला. "माझ्या मापाचा करा. उरलेलं कापून टाका."

मामानं झगा आत घेतला, पण कापला नाही. दोन्ही बाजूंना आठ-आठ बोटं कापड दुमडून ठेवलं. मामी तो घालून आली तेव्हा दोन्ही काखांत उशा धरल्यासारखी दिसत होती. मला हसू आवरेना आणि मामाचा रागही आला. मी कात्री उचलली. "मामा, आता तरी खरं काय ते बघ."

"ठेव ती खाली!" मामा ओरडला. उभ्या जन्मात तो माझ्यावर ओरडला नव्हता. मी आत जाऊन रडले.

मग त्याचा नवा उद्योग सुरू झाला. दर सोमवारी मामीचं माप, आणि दर सोमवारी वाढ! तिसऱ्या सोमवारी मामीनं त्याचा हात धरला. "अहो, टेप सैल धरताय. शिंप्याच्या बायकोला फसवता? एवढी हौस आहे तर चार घास रांधून घाला."

मामा स्वयंपाकघरात शिरला. त्याच्या हातचं सूप म्हणजे मीठ घातलेलं कोमट पाणी. मामी त्याला नावं ठेवत ठेवत वाटी संपवायची.

दीड महिन्यानं, भर दुपारी ती तोच निळा झगा घालून तणतणत दुकानात आली. "अहो, हा काखेत काचतोय."

मामानं मानसुद्धा वर केली नाही. "धुण्यात आटला असेल."

मी चाटच पडले. जगाला 'भराल' म्हणून सांगणारा हा माणूस, खरी वेळ आली तेव्हा विश्वास ठेवायला घाबरत होता.

"आटायला काय झालं? शिवण्याआधी कापड तुम्हीच भिजवलं होतंत!" मामी कडाडली. "जेवतेय मी. उसवा!"

मामानं ब्लेड घेतलं, पण भरल्या डोळ्यांना टाका दिसेना. शेवटी ब्लेड मीच घेतलं.

"किती सोडू गं मामी?"

"अर्धं बोट," ती म्हणाली. मग तिनं मामाकडे पाहिलं. "नाही, चांगलं एक बोट सोड. रात्रीचं जेवण अजून व्हायचंय."